मिनिटभर

२०१३ सालची गोष्ट. भादव्याची झड लागली होती आणि माझी धाकटी बहीण पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. आमचं गाव वाशिम जिल्ह्यातल्या मालेगाव तालुक्यातलं. बाळंतपण दवाखान्यात नीट झालं. तिसऱ्या दिवशी पोरीला घेऊन घरी आलो, तर संध्याकाळी छत्री मिटवत आशाताई दारात हजर. गावातलीच सून. पिशवीत झोळीचा काटा, थर्मामीटर, घड्याळ आणि एक वही.

काटा पाहून माय बिथरली. "लेकरू काय कापूस हाये, काट्याले टांगाले? नजर लागते!"

आशाताई हसली. "मावशी, मी नाही हात लावत. तुमीच ठेवा झोळीत, मी निस्ता काटा पाह्यतो."

मायनं कुरकुरत नात झोळीत ठेवली. वजन भरलं दोन किलो तीनशे. अडीचच्या आत म्हणून आशाताईनं बजावलं, आंघोळ इतक्यात नको, टोपडं-मोजे घाला, आईच्या अंगाशी धरा, दुधाशिवाय काही देऊ नका. मायची मधाची बाटली तयारच होती. ती तिनं मुकाट्यानं फळीवर ठेवली. ताई गेल्यावर मात्र म्हणाली, "आमी काय लेकरं वाढवलीच नाही?"

सातव्या दिवशीही ताई आली. चौदाव्या दिवशी आली तेव्हा पोरगी नीट पीत नव्हती, नुसती निजत होती. "झडीनं सुस्तावली," माय म्हणाली. ताईनं बाळाचं दुपटं बाजूला केलं, घड्याळ समोर धरलं आणि मिनिटभर श्वास मोजले. सहासष्ट. पुन्हा मोजले. अडुसष्ट. "साठाच्या वर चालले. आताच्या आता निघा," एवढंच बोलून तिनं गाडीसाठी फोन लावला, आणि स्वतःही सोबत बसली.

वाशिमच्या दवाखान्यात पोरीला न्यूमोनिया निघाला. पाच दिवस राहिलो. दुसऱ्या रात्री व्हरांड्यात माय अचानक बोलायला लागली. माझ्या आधी तिला एक पोरगा झाला होता, हे मला तेव्हा कळलं. अकरा दिवसांचा होऊन गेला. बारसंही झालं नव्हतं, म्हणून त्याला नाव नाही. "त्याची छाती अशीच भात्यावानी चालत होती. समदे म्हणे, सकाळी नेऊ. मी मांडीवर घेऊन पाह्यतच होतो रे. पण मोजाव लागते, हे कोणं सांगतलंच नाही."

पुढे मी याबद्दल वाचलं. आशाताईची ती वही गडचिरोलीहून निघाली होती, म्हटलं तरी चालेल. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं तिथल्या ३९ गावांत थोड्या शिकलेल्या गावातल्याच बायांना घरी जाऊन नवजात बाळ तपासायला शिकवलं. शेजारच्या ४७ गावांत नेहमीचीच व्यवस्था होती. दोन्हींची तुलना केली, तर तिसऱ्या वर्षी या गावांतले नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झालेले दिसले. हा अभ्यास १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. त्याच वाटेनं पुढे २०११ पासून देशभर आशांच्या घरभेटी सुरू झाल्या. दवाखान्यात जन्मलेल्या बाळासाठी सहा: तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. या सगळ्या भेटींचे मिळून आशाताईला मिळत अडीचशे रुपये.

वाचताना मला आकड्यांपेक्षा घड्याळच जास्त दिसत होतं. मायची माया कमी नव्हती, नजरही कमी नव्हती. कमी होतं ते इतकंच, की साठ हा आकडा तिच्यापर्यंत कुणी आणला नव्हता.

एकविसाव्या दिवशी सकाळपासून माय दारात डोकावत होती. ताई दिसताच तिनं चहाचं आधण ठेवलं, नातीला स्वतः झोळीत ठेवलं अन् म्हणाली, "ते घड्याळ इकडं दे बरं बाई. मले शिकव."

मायला आकडे वाचता येत नव्हते. ताईनं काटा बारावर आला की खूण केली, आणि माय पोरीच्या पोटाकडे पाहत बोटांच्या पेरांवर मोजू लागली. बेचाळीस भरले. तिनं पुन्हा एकदा मोजले. मग पदरानं डोळे पुसले आणि चहा गाळायला आत गेली.