परगावी, एकटीचं ताट

"मजा आहे बाई तुझी, दोन दिवस आयतं जेवण!" कामासाठी बाहेरगावी निघाले की शेजारपाजारच्या बायका हे हटकून म्हणतात. त्यांचं तरी काय चुकतं? तुम्हीच सांगा, आपल्या वाट्याला आयतं जेवण येतं किती वेळा? माहेरपणाचे चार दिवस, लग्नकार्यातली पंगत, नाहीतर एखादं आजारपण. त्यामुळे दुसऱ्या कोणी रांधलेलं, दुसऱ्या कोणी वाढलेलं गरम अन्न पुढ्यात येणार, या कल्पनेनंच जीव सुखावतो. आणि म्हणूनच ते ताट फसवं निघालं की ते जरा जास्तच झोंबतं.

मी एका शाळेत अर्धवेळ शिकवते. शिवाय एका संस्थेसाठी शिक्षकांचे वर्ग घ्यायला नि परीक्षांच्या कामाला वर्षातून पाच-सहा वेळा बाहेर जावं लागतं. सोलापूर, कोल्हापूर, जळगाव ही माझी नेहमीची गावं. राहण्याची सोय संस्था बघते, जेवणाचे पैसे हातावर ठेवते. कुठे जेवायचं ते आपलं आपण शोधायचं. या शोधात मी जे काय गिळलं आहे, ते आज तुम्हाला सांगणार आहे. तुमच्यापैकी कितीतरी जणी आता नोकरीनिमित्त अशा फिरतात, त्यांना उपयोगी पडेल.

सोलापूरपासून सुरुवात करते. सोलापूर म्हणजे ज्वारीचा मुलूख. तिथून जवळच मंगळवेढा; तिथल्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. तेव्हा दिवसभर वर्ग घेऊन घसा कोरडा झालेला असताना मी मनात एकच चित्र रंगवलं होतं: गरम भाकरी, शेंगाचटणी, वर दही. मुक्कामाच्या जवळचं एक झगमगीत हॉटेल होतं, तिथे गेले. काचेचं दार, बारा पानी मेनूकार्ड. त्यात पंजाबी होतं, चायनीज होतं, दाक्षिणात्य होतं. फक्त सोलापूर नव्हतं. "भाकरी?" मी विचारलं. "नाही मॅडम, रोटी आहे, नान आहे, कुलचा आहे." मग त्यातल्या त्यात ओळखीचं म्हणून 'व्हेज कोल्हापुरी' मागवलं. आलं ते तेलाचा तवंग आलेलं लालभडक कालवण, त्यात फरसबीचे तुकडे, नि सोबत एक रोटी, जी पाच मिनिटांत अशी चिवट झाली की तोडायला दोन्ही हात लागले.

आता 'व्हेज कोल्हापुरी' ही काय चीज आहे ते ऐका. कोल्हापूरच्या घरात ती कुणी रांधत नाही. हॉटेलच्या मुदपाकखान्यात सकाळीच दोन-तीन तऱ्हेचे रस्से मोठ्या पातेल्यांत तयार करून ठेवतात. एक कांदा-टोमॅटोचा लाल, एक काजू नि मगजबियांचा पांढरा, जमलं तर एक पालकाचा हिरवा. तुम्ही काही मागवलंत की त्यातलाच डावभर रस्सा कढईत पडतो. मिरची वाढवली की कोल्हापुरी, साय घातली की मखनी, पनीर टाकलं की आणखी काहीतरी. एवढ्या बारा पानांचे पदार्थ दहा मिनिटांत समोर येतात ते याच युक्तीनं. आपणही पाहुणे यायचे असले की वाटण आदल्या दिवशी करून ठेवतोच, त्यात वावगं काही नाही. पण पातेलं एकच म्हटल्यावर सोलापूर काय नि जळगाव काय, चव एकच लागणार. तेव्हापासून मेनूकार्ड जितकं जाड तितकी माझी भूक मंदावते.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या शाळेतल्या सेविकाबाईंनी डबा उघडला. कडक भाकरी! पापडासारखी पातळ, कुरकुरीत, कडकडून मोडणारी. सोबत शेंगाचटणी, उखळात इतकी कुटलेली की दाण्याचं तेल सुटून ती ओलसर झाली होती. "घ्या बाई, लाजू नका," म्हणाल्या. मी कशाला लाजते! ही कडक भाकरी वाळवलेली असल्यानं कितीतरी दिवस टिकते आणि सोलापुरात पुडे बांधून विकतही मिळते. म्हणजे जी वस्तू गावात जागोजाग मिळते, तीच त्या झगमगीत हॉटेलात औषधालाही नव्हती. यात हॉटेलवाल्याचा एकट्याचा दोष नाही म्हणा. हॉटेलात गेलं की भाकरी कोण मागतं? घरी रोज होते ते पैसे देऊन काय खायचं, असं आपणच म्हणतो. मग परगावची पाहुणी उपाशी राहते.

कोल्हापूरची तऱ्हा वेगळी. तिथे कोल्हापूर मेनूकार्डावर आहे, पाटीवरही आहे. प्रश्न वाटीत आहे की नाही हा. एका ठिकाणी मटणाचं ताट मागवलं. तांबडा रस्सा ठीक होता; पांढरा मात्र चमच्यावरून सांडेना, इतका घट्ट, आणि वर कोमट. ज्यांनी केलाय त्यांना माहीत आहे, पांढरा रस्सा म्हणजे मटण शिजवलेलं आळणी पाणी, त्यात नारळाचं दूध, तीळ-खसखशीचं बारीक वाटण आणि अख्खा मसाला. तो पातळच असतो. वाटी तोंडाला लावून प्यायचा असतो, तोही कढत. नारळाचं दूध घातल्यावर भरभरून उकळी काढली तर फुटतो, म्हणून मंद आचेवर नुसता गरम करायचा, नि करणारीनं पातेल्याजवळून हलायचं नाही. ही उस्तवारी नको असली की मक्याचं पीठ लावतात, म्हणजे फुटायची भीती नाही. माझ्या वाटीत तसंच काहीसं असावं, कारण जिभेवर पिठाचा लगदा येत होता.

खरा पांढरा रस्सा मला त्याच गावात दुसऱ्या दिवशी मिळाला. एका गल्लीत, घराच्याच पुढच्या खोलीत चार टेबलं मांडलेली खाणावळ. वाढणाऱ्या मावशी स्वयंपाकघरातून पातेलं घेऊन आल्या आणि वाटी रिकामी झाली की न विचारता भरत राहिल्या. मेनूकार्ड नव्हतंच. आज जे केलंय ते, आणि संपलं की दार बंद. वाटीतून वाफ येत होती, एवढं सांगितलं की पुरे.

खाणावळ म्हटलं की अजून कितीतरी जणी नाक मुरडतात. मला मात्र मुंबईच्या गिरणगावातल्या खाणावळवाल्या बायका आठवतात. मागे गावी बायकामुलं ठेवून आलेल्या गिरणी कामगारांना त्यांनी वर्षानुवर्षं जेवू घातलं, चाळीतल्या एवढ्याशा खोलीत, उसनवारीनं किराणा भरून. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी अशाच बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, त्यांना कर्ज मिळवून दिलं. जिला आपलं नाव सांभाळायचं असतं, नि जिची गिऱ्हाइकं उद्या पुन्हा त्याच पाटावर येऊन बसणार असतात, तिचा हात सहसा बिघडत नाही. बसस्टँडसमोरच्या हॉटेलाला ती काळजी नाही. आजचं गिऱ्हाईक उद्या दुसऱ्याच गावी गेलेलं असतं.

जळगावचं भरीत तुम्हाला माहीतच आहे. हिरवी-पांढरट, मोठाली वांगी, त्यांनाही २०१६ सालीच मानांकन मिळालं. थंडीत तिथे शेतात भरीतपार्ट्या होतात. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजायची, लाकडी बडगीत ठेचायची. हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे. सोबत कळण्याची भाकरी नाहीतर पुरी. टोमॅटोचं नावही नाही. आणि मला एका हॉटेलात भर मे महिन्यात 'स्पेशल खान्देशी भरीत' म्हणून जे वाढलं, त्यात टोमॅटो होता, लाल तिखट होतं, आणि धुराचा वास तेवढा नव्हता. हे भरीत कशाचं, ही तर वांग्याची भाजी! पुढे जास्त काही सांगत नाही. डिसेंबरात जा आणि कुणाच्या तरी घरी जा.

पण खरं सांगू? वाईट भाजीपेक्षाही मला जास्त खटकतं ते दुसरंच. हॉटेलात एकटी बाई शिरली की पहिला प्रश्न, "कितीजण?" "एकटी." मग जरा थांबून, "साहेब मागून येतायत का?" येत नाहीत म्हटलं की, "फॅमिली रूम वर आहे." ही फॅमिली रूम म्हणजे बहुतेक ठिकाणी जिन्यावरची अंधारी खोली, कोपऱ्यात रिकाम्या बाटल्यांचे क्रेट, पंखा कुरकुरतोय, आणि वेटर एकदा खाली गेला की पुन्हा वर चढायला राजी नाही. अन्न वर येईतो गार. बरं, मी एकटी, मग फॅमिली कुठली? एकेकाळी बायकांची सोय म्हणून हे पडदे नि खोल्या निघाल्या, ते मी समजू शकते. हल्ली मी सरळ सांगते, "मी इथेच बसते, खिडकीजवळ." आजवर कोणी नाही म्हटलेलं नाही. दोन-चार जण वळून बघतात, नि पुन्हा आपल्या ताटाकडे वळतात.

तीच गोष्ट गार अन्नाची. माझ्याबरोबर कधीकधी एक ज्येष्ठ शिक्षिका असतात. एकदा आम्हा दोघींनाही गार भात आला. मी चमचा उचलला होता, तर त्यांनी शांतपणे वेटरला हाक मारली, "दादा, हे दोन्ही गरम भात आणा, आम्ही थांबतो." एवढंच. आवाज चढवला नाही, चेहरा वाकडा केला नाही. आणि खरंच वाफाळलेला भात आला. खोलीवर परतताना त्या म्हणाल्या, "घरी सगळ्यांचं झाल्यावर आपण पातेल्यातलं गार जेवतो ना, म्हणून इथेही आपल्याला ते गार लागत नाही." त्या रात्री मला बराच वेळ झोप आली नाही. मैत्रिणींनो, आमच्याकडे आता रात्री सगळे एकदमच पानावर बसतात. गरम पोळीसाठी एकेकानं उठायचं, असं ठरलंय. सासूबाई आधी पुटपुटल्या, आता त्याच पहिल्या उठतात.

परत पाठवायचं असेल तर दोन घासांतच पाठवावं. निम्मं ताट संपवून तक्रार केली तर कोण ऐकणार? आणि बिलही नीट बघत जा. पाच टक्के जीएसटी साध्या हॉटेलात लागतो, तो द्यावाच लागतो. पण 'सेवा शुल्क' म्हणून परस्पर काही रक्कम लावली असेल तर ती द्यायची की नाही ही तुमची मर्जी. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जुलै २०२२ मध्ये तशा सूचनाच काढल्या आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं त्या योग्य ठरवल्या. काढायला सांगा, ऐकलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. नुसता हा क्रमांक उच्चारला तरी बिल पुन्हा छापून येतं, असा माझा अनुभव.

एवढं करूनही रात्री साडेनवाला एखाद्या गावी उतरलं की पर्याय उरत नाही. दुपारी बाराच्या सुमाराचं ताट बहुधा ताजं असतं, रात्रीचं दुपारचंच पुन्हा तापवलेलं असू शकतं. म्हणून मी मुख्य जेवण दुपारी उरकते. रात्रीसाठी पिशवीत दशम्या असतात. दुधात भिजवलेल्या कणकेच्या, त्या दोन दिवस मऊ राहतात. पाणी घालून भिजवल्यात तर दुसऱ्या दिवशी वातड होतील. लसणाची कोरडी चटणी, गुळाचा खडा. आमचे हे हसतात, "हॉटेलचे पैसे मिळतात नि तू शिदोरी नेतेस!" हसू देत. सोलापूरहून येताना कडक भाकरीचे दोन पुडे आणते, ते मात्र सगळ्यात आधी तेच फोडतात.

पुढच्या महिन्यात लातूरला तीन दिवस जायचं आहे. त्या बाजूला मी अजून गेलेली नाही. लातूरच्या वाचक भगिनींनो, तुमच्या गावात एकट्या बाईला तळमजल्यावर, उजेडात बसून गरम भाकरी-आमटी कुठे जेवता येईल, ते संपादकांच्या पत्त्यावर जरूर कळवा. खाणावळ असली तर उत्तमच.