बजाजनगरची पहाट आणि गुडघ्याचे धैर्य

पहाटे साडेपाचच्या सुमारास आपण बजाजनगरच्या मोहटादेवी चौकात उभे राहिलात, तर दोन प्रकारची माणसे दिसतील. पहिल्या पाळीसाठी हातात डबा घेऊन कंपनीच्या बसची वाट पाहणारे कामगार. आणि त्यांच्या शेजारून धावत जाणारी, पोलीस आणि सैन्यभरतीची तयारी करणारी मुले-मुली. धावणाऱ्यांपैकी कित्येक जण बसची वाट पाहणाऱ्यांचीच लेकरे असतात.

१९८५ मध्ये वाळूज येथे बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि त्याच्या आधाराने ही वसाहत वाढली. बीड, जालना, परभणी, बुलढाणा अशा जिल्ह्यांतून माणसे आली. येताना त्यांनी आपली दैवतेही आणली. पाथर्डी तालुक्यातील गडावरच्या मोहटादेवीचे येथे मंदिर उभे राहिले. जवळच्या पंढरपूर गावात विठ्ठलाचे देऊळ आहे आणि आषाढीला तेथे मोठी गर्दी लोटते. गाव सोडून आलेल्या माणसांनी येथे दुसरे गाव वसवले. तिसगावकडे गेले की खवड्या डोंगर लागतो. सकाळी फिरायला आणि चढ चढायला येणाऱ्यांची तेथे वर्दळ असते.

या मुलांना आपण आदर्श कोण असे विचारले, तर एक नाव हमखास ऐकू येईल : अविनाश साबळे. त्याचे गाव फार दूर नाही. बजाजनगरला लागून जाणारा महामार्ग धरून अहिल्यानगर गाठावे आणि तेथून आष्टीची वाट धरावी. बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यातील मांडवा हे त्याचे गाव. घर आणि शाळा यांत सुमारे सहा किलोमीटरचे अंतर होते. वाहनाची सोय नसल्याने तो ते चालत किंवा धावत कापत असे. बारावीनंतर तो सैन्याच्या महार रेजिमेंटमध्ये दाखल झाला. सियाचीनचे बर्फ, राजस्थानचे वाळवंट आणि सिक्कीमचे डोंगर या तिन्ही ठिकाणी त्याने सेवा केली. स्पर्धेतील धावणे त्यानंतर, २०१५ मध्ये सैन्यातील क्रॉस-कंट्री शर्यतीपासून सुरू झाले.

त्याची शर्यत तीन हजार मीटर स्टीपलचेसची. साडेसात फेऱ्यांत अठ्ठावीस वेळा अडथळा आणि सात वेळा पाण्याचा खड्डा ओलांडावा लागतो. अडथळ्याची उंची ९१.४ सेंटीमीटर, म्हणजे साधारण आपल्या कमरेएवढी. थकलेल्या पायांनी, घोळक्यात, ओल्या जमिनीवर उतरताना गुडघ्यावर येणारा ताण किती असेल याची कल्पना करावी.

साबळेची पदके आपल्याला ठाऊक असतात. त्यांच्या मधल्या जागा आपण विसरतो. २०१८ मध्ये घोट्याच्या दुखापतीमुळे त्याची आशियाई स्पर्धा हुकली. त्याच वर्षी भुवनेश्वरला त्याने गोपाल सैनी यांचा ३७ वर्षांचा राष्ट्रीय विक्रम मोडला. टोकियो ऑलिंपिकमध्ये पुन्हा राष्ट्रीय विक्रम केला, तरी अंतिम फेरी गाठता आली नाही. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य मिळाले. सुवर्ण अवघ्या ०.०५ सेकंदाने दूर राहिले. त्याआधीच्या सहा राष्ट्रकुल स्पर्धांत या शर्यतीची सर्व पदके केनियाने नेली होती. २०२३ मध्ये बुडापेस्टच्या जागतिक स्पर्धेत तो प्राथमिक फेरीतच बाद झाला आणि काही आठवड्यांनी हांगझोऊ येथे ८:१९.५० अशा वेळेत आशियाई सुवर्ण जिंकला. २०२४ मध्ये पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये त्याने ८:०९.९१ असा नवा राष्ट्रीय विक्रम केला.

मग ११ जुलै २०२५ चा दिवस आला. मोनॅकोच्या डायमंड लीग शर्यतीत पाण्याच्या खड्ड्याजवळ तो पडला आणि शर्यत सोडावी लागली. गुडघ्यातील ॲन्टिरिअर क्रुशिएट लिगामेंट आणि मेनिस्कस यांना इजा झाली होती. शस्त्रक्रिया झाली, सप्टेंबरची टोकियो येथील जागतिक स्पर्धा हुकली.

हे लिगामेंट म्हणजे मांडीचे हाड आणि नडगीचे हाड यांना गुडघ्याच्या आत बांधून ठेवणारी चिवट दोरी. नडगी पुढे सरकू नये आणि गुडघा अवाजवी फिरू नये, हे तिचे काम. मेनिस्कस म्हणजे त्या दोन हाडांमधील गादी. पाऊल जमिनीवर रोवलेले असताना शरीर वळले, की ही दोरी तुटते. बर्फावर घसरणाऱ्या स्कीपटूंची ही सर्वांत ओळखीची दुखापत आहे, कारण त्यांचे पाऊल लांब पट्टीला जखडलेले असते. अमेरिकेच्या लिंडसी व्हॉनचा गुडघा २०१३ मध्ये ऑस्ट्रियात असाच निकामी झाला. परतण्याच्या प्रयत्नात त्याच गुडघ्याला त्याच वर्षी पुन्हा इजा झाली आणि २०१४ चे ऑलिंपिक हुकले. २०१८ मध्ये, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी, तिने ऑलिंपिक कांस्य मिळवले.

या माणसांची चिकाटी आपण बहुधा चुकीच्या जागी शोधतो. वेदना सोसून धावणे म्हणजे चिकाटी, अशी आपली समजूत असते. वास्तविक तिची खरी परीक्षा खोलीच्या चार भिंतींत होते. शस्त्रक्रियेत बसवलेला नवा स्नायुबंध पहिल्या काही महिन्यांत उलट कमकुवत होतो आणि मग हळूहळू घट्ट होतो. याच काळात वेदना थांबलेल्या असतात आणि ‘आता बरे वाटते’ म्हणून माणूस उठतो. धोका तेथेच असतो. म्हणून वळणे, उड्या आणि स्पर्धा यांकडे परतण्यास सर्वसाधारणपणे किमान नऊ महिने द्यावे लागतात. त्याआधी परतणाऱ्यांत पुन्हा दुखापतीचे प्रमाण बरेच अधिक असते. नुसते महिने मोजूनही भागत नाही. दुखावलेल्या पायाची ताकद दुसऱ्या पायाच्या निदान नव्वद टक्के व्हावी लागते. त्यासाठी मांडीचे स्नायू घट्ट करण्याचा तोच तो कंटाळवाणा व्यायाम रोज करावा लागतो. आणि तो करताना टाळ्या वाजवायला कोणी नसते.

आता बजाजनगरकडे परत वळू या. हीच दोरी येथे कबड्डीच्या मैदानावर तुटते, भरतीच्या लांब उडीत तुटते आणि सर्वांत सहज दुचाकीवर तुटते. पावसाळ्यात गाडी घसरते, आपण तोल सावरण्यासाठी पाय टेकतो, पाय जागीच राहतो आणि गाडीसह शरीर वळते. ‘कट’ असा आवाज, काही तासांत आलेली सूज आणि नंतर जिना उतरताना गुडघा ‘निसटल्यासारखा’ वाटणे ही तिची लक्षणे आहेत. अशा वेळी चोळणे, शेकणे आणि गुडघा ओढून ‘बसवून’ घेणे कटाक्षाने टाळावे. कापडात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटे लावावा, पाय उंच ठेवावा आणि तपासणी करून घ्यावी. प्रत्येकाला शस्त्रक्रिया लागतेच असे नाही. वय, काम आणि गुडघ्याची स्थिरता पाहून ते ठरते. व्यायाम मात्र दोन्ही मार्गांवर चुकत नाही. तो पूर्ण होईपर्यंत मांडी घालून किंवा उकिडवे बसण्याची घाई करू नये.

साबळेपाशी सैन्याची नोकरी आणि तज्ज्ञांचा ताफा होता. कंत्राटी कामगाराचा खाडा म्हणजे बुडालेली मजुरी. म्हणून तो पट्टा आवळून आठवड्यात पाळीवर जातो आणि गुडघ्यातील गादी थोडीथोडी झिजवतो. त्याला ‘धीर धर’ म्हणणे सोपे आहे. त्या धीराला पैशाचा आधार लागतो, आणि तो काही प्रमाणात उपलब्ध आहे. आपल्या वेतनातून कामगार राज्य विम्याची वर्गणी कापली जात असेल, तर अटी पूर्ण करणाऱ्यास आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के भत्ता मिळतो. कामावर इजा झाल्यास भत्ता सुमारे ९० टक्के असतो. कामावर जाता-येताचा अपघातही काही अटींवर त्यात धरला जातो. विमा रुग्णालय शहराच्या दुसऱ्या टोकाला, चिकलठाण्यात आहे, हे खरे; तरी अपघाताची नोंद, पहिल्या तपासणीचा कागद आणि विमा क्रमांक त्याच दिवशी जपून ठेवावेत.

घरातील माणसांनीही एक करावे. दुखापत झालेल्या मुलाला ‘भरती कधी, कामावर कधी’ असे रोज विचारू नये. ‘आज व्यायाम झाला का?’ एवढे विचारावे आणि जमल्यास त्याच्या शेजारी सतरंजी टाकून आपणही बसावे.