सोळा दिवस

आज्जीला मॉर्फीन सुरू करायचं की नाही, यावर आमच्या घरात १६ दिवस खल चालला होता. कॅन्सर हाडांत उतरलेला. डॉक्टर म्हणाले, साध्या गोळ्यांनी आता भागणार नाही. काका म्हणाले, "अफूच ना ती? सवय लागली म्हणजे?" कूस बदलतानाही ओरडणाऱ्या ७४ वर्षांच्या बाईला सवय लागेल, ही आमची काळजी! मीही मान डोलावली. फार्मसी शिकत होते ना, घरात माझ्या शब्दाला वजन होतं.

चार वर्षांनी एम.फार्म.ला असताना १९७३ सालचा एक शोधनिबंध वाचला. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात कँडेस पर्ट ही विद्यार्थिनी सॉलोमन स्नायडर यांच्याकडे काम करत होती. अफूची द्रव्यं मेंदूत ठरावीक जागी जाऊन बसत असणार, हा अंदाज जुना होता; ती जागा नीट पकडून दाखवायची राहिली होती. तिने उंदरांचे मेंदू थंड द्रावणात वाटले, त्यात किरणोत्सारी नॅलॉक्झोन मिसळलं, मिश्रण गाळून धुतलं. सुटं औषध वाहून गेलं. चिकटलेलं गाळणीवर उरलं, आणि ते मोजता आलं.

मग खरी परीक्षा. मिश्रणात लेव्हॉर्फनॉल हे वेदनाशामक अगदी थोडं घातलं, तरी नॅलॉक्झोनला जागा सोडावी लागली. त्याचं आरशातलं रूप म्हणजे डेक्स्ट्रॉर्फान. अणू तेच, तेवढेच, फक्त डाव्याचं उजवं झालेलं. ते हजारो पट जास्त लागलं. डाव्या पायाची चप्पल उजव्या पायात घालून बघा, म्हणजे कळेल.

नॅलॉक्झोनची गंमत वेगळीच. ही किल्ली कुलपात बसते, पण फिरत नाही. म्हणूनच मॉर्फीन जास्त होऊन श्वास मंदावला, तर तेच टोचतात. ते मॉर्फीनला जागेवरून उठवतं.

पण उंदराच्या डोक्यात अफूसाठी कुलूप कशाला? उत्तर १९७५ मध्ये स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबर्डीनहून आलं. जॉन ह्यूज आणि हान्स कोस्टरलिट्झ यांना डुकरांच्या मेंदूत एन्केफॅलिन सापडलं. शरीर स्वतःच किल्ली घडवतं. खसखशीच्या बोंडातला चीक त्याच कुलपाला योगायोगाने लागतो.

ते वाचून मी पुस्तक मिटलं. आज्जीच्या शरीराने आपल्या सगळ्या किल्ल्या लावून बघितल्या असतील. आम्ही मात्र आणखी एक खिशात घेऊन दाराबाहेर वाद घालत बसलो होतो.

काकांची भीती अगदीच खोटी नव्हती. मॉर्फीनची शरीराला सवय होते, म्हणून ते एकदम बंद करत नाहीत, मात्रा हळूहळू उतरवतात. पण शरीराला सवय होणं वेगळं आणि व्यसन लागणं वेगळं. हा फरक आम्ही कुणी डॉक्टरांना विचारलाच नाही.

सतराव्या दिवशी गोळी सुरू झाली. दुसऱ्या सकाळी आज्जीने चहा मागितला आणि मला म्हणाली, "दिवाळी आली गं. अनारशांना खसखस आणलीस का?" त्यानंतर ती तीन आठवडे होती.

गेल्या महिन्यात मैत्रिणीचा मेसेज आला. तिच्या बाबांना मॉर्फीन सांगितलंय, घरचे घाबरलेत. मी तिला डॉक्टरांना विचारायचे चार प्रश्न लिहून पाठवले. मात्रा कशी वाढवायची, बद्धकोष्ठावर काय द्यायचं, जास्त झालं तर कसं ओळखायचं, हे नंतरचे तीन.

पहिला होता : आज रात्रीपासूनच सुरू करता येईल का?