अकोल्याच्या मैदानात खांदेरीची लढाई

अकोल्याच्या मुलांना गड समजावून सांगावा लागत नाही. नरनाळ्याला त्यांची सहल गेलेली असते, चिखलदऱ्याला गेले की गाविलगड पाहून येतात, बाळापूरचा किल्ला तर जवळच. डोंगरातली लढाई शिकवताना मी फळ्यावर एक चढ आणि एक खिंड काढली की पुढचं मुलंच सांगतात. आरमाराचा धडा आला की मात्र वर्ग गप्प होतो. समुद्र आमच्यापासून सहाशे किलोमीटरवर. भरती-ओहोटी, खाडी, मतलई वारा हे शब्द मुलं पाठ करतात आणि परीक्षेत लिहून मोकळी होतात. ‘शिवाजी महाराजांनी आरमार उभारलं’ हे वाक्य येतं, पण त्या आरमारानं केलं काय, हे विचारलं की उत्तर नाही. मला हे फार लागायचं. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत किल्ल्याऐवजी आरमाराची लढाई मांडायची असं ठरवलं.

लढाई निवडली खांदेरीची. अलिबागजवळ थळच्या किनाऱ्यासमोर उंदेरी आणि तिच्या पलीकडे खांदेरी अशी दोन बेटं आहेत. थळच्या वाळूत उभं राहून मी ती पाहिली आहेत. खांदेरीला दोन टेकड्या आणि आता एक दीपगृह. मुंबई बंदराच्या तोंडाशी असलेलं हे बेट १६७९ मध्ये महाराजांनी बांधायला घेतलं. मायनाक भंडारी दीडशेच्या आसपास माणसं आणि चार लहान तोफा घेऊन बेटावर उतरला आणि तट चढू लागला. मुंबईच्या इंग्रजांना ते परवडणारं नव्हतं. त्यांनी जहाजं पाठवून बेटाची नाकेबंदी केली. पुढे १८ ऑक्टोबरच्या पहाटे दौलतखानाच्या हाताखालचं मराठी आरमार त्यांच्यावर चालून आलं. ही तारीख इंग्रजांच्या तेव्हाच्या जुन्या पंचांगाची. आजच्या हिशेबानं २८ ऑक्टोबर. म्हणजे आमच्या सुट्टीचेच दिवस.

या लढाईचं बारीकसारीक टिपण मिळतं. इंग्रजांचे कागद छापलेले आहेत, रॉबर्ट ऑर्म या इतिहासकारानं अठराव्या शतकात तिचं वर्णन लिहून ठेवलं आहे, आणि मराठीत मेहेंदळे-शिंत्रे यांचं शिवछत्रपतींच्या आरमारावरचं पुस्तक आहे. इंग्रजांची जहाजं आठ: ‘रिव्हेंज’ नावाचं फ्रिगेट, दोन गुराबा, तीन शिबाडं आणि दोन मचवे. त्यांवर गोरे शिपाई आणि खलाशी मिळून दोनशे, शिवाय हिंदी खलाशी. समोरून मराठ्यांची चाळीस ते साठ गलबतं. वर्गात पन्नासच्या आत-बाहेर मुलं. प्रत्येकाच्या हातात एक तारू येईल, हा हिशेब पहिल्याच दिवशी जुळला.

आम्ही प्रमाण धरलं दोनशेला एक. पंधरा मीटरचं गलबत साडेसात सेंटिमीटरचं झालं. थळपासून खांदेरी पाच किलोमीटरच्या आसपास, ती मैदानात पंचवीस मीटरवर आली. नागावची खाडी, जिथून मराठी गलबतं निघाली, ती पंचावन्न-साठ मीटरवर. टेबलावर लढाई मांडणारे लोक जहाजं एका प्रमाणात आणि पाणी दुसऱ्या प्रमाणात घेतात, कारण जागा पुरत नाही. आमच्याकडे शाळेचं अख्खं मैदान होतं. किनारा, खाडी, दोन्ही बेटं फक्कीनं आखली. किनाऱ्यालगत आणि दोन बेटांच्या मधे जिथे पाणी उथळ, तिथे फक्कीचे ठिपके दिले. खांदेरीच्या टेकड्या काळ्या मातीच्या केल्या.

नुसती फक्की आणि खोके वापरून भागलं असतं. पण गलबत कसं असतं हे हाताला कळावं, असा माझा आग्रह होता. काटेसावरीचं लाकूड हलकं आणि मऊ. सुतारानं त्याचे ठोकळे पाडून दिले, मुलांनी काचपेपरनं घासून नाळ निमुळती केली. डोलकाठीला बांबूची काडी, वल्ह्यांना खराट्याच्या काड्या. शिडाला मांजरपाट, खळ देऊन कडक केलेलं, त्रिकोणी कापलेलं. पश्चिम किनाऱ्यावरच्या तारवांची शिडं सुतीच असत, हे सांगितल्यावर कपाशीवाल्या घरांतली मुलं त्या तुकड्याकडे वेगळ्या नजरेनं पाहू लागली.

सगळ्यात जीव घातला तो गलबताच्या पाटणीवर, म्हणजे डेकवर. ऑर्म लिहितो की मराठ्यांच्या लहान गलबतांना फळ्यांची जड पाटणी नसे. बांबू चिरून त्याच्या पट्ट्यांची हलकी पाटणी केलेली असे. म्हणजे आम्हाला कामट्या हव्या होत्या, आणि त्याही नखभर लांबीच्या. अमरावतीला बुरुडांच्या वस्तीत मी एका मावशींना नमुना दाखवला. त्यांनी तो डोळ्यांजवळ नेला, उलटा केला आणि विचारलं, “कितीक बारीक पाह्यजे बाप्पा?” मी म्हटलं, सुतळीच्या निम्म्यानं. त्या म्हणाल्या, “सुपाले लागते त्याच्याहून बारीक करून देतो.” हिरवा बांबू मांडीशी टेकवून त्यांनी एक उभी चीर दिली, तिची दुसरी, दुसरीची तिसरी. बोटाच्या टोकानं सालीची बाजू आणि गराची बाजू वेगळी करत गेल्या. गराची टाकून दिली. “हे मोडते. साल वाकते, मोडत नाही,” असं सांगितलं. त्या कामट्या गलबताच्या पोटावर आडव्या चिकटवल्या, तेव्हा वरून बोट दाबलं तर पाटणी दबायची आणि परत वर यायची. हलकेपणा आणि चिवटपणा म्हणजे काय, हे मुलांना तिथे कळलं. ज्याला वल्ह्यांच्या जोरावर पळायचं आहे त्यानं अंगावर वजन ठेवायचं नाही, हे मग मला वेगळं सांगावं लागलं नाही.

एका पालकांनी मनापासून शंका काढली. ज्यांनी समुद्र पाहिला नाही, ती मुलं समुद्रावरची लढाई काय समजणार? मी त्यांना स्कॉटलंडच्या जॉन क्लार्कची गोष्ट सांगितली. हा माणूस व्यापारी होता, आरमारात त्यानं कधी नोकरी केली नव्हती. घरात टेबलावर जहाजांचे छोटे नमुने मांडून, सरकवून त्यानं झालेल्या लढाया तपासल्या आणि १७८२ मध्ये आरमारी डावपेचांवर ग्रंथ लिहिला. तो ग्रंथ पुढे आरमारी अधिकाऱ्यांनी वाचला. पालक हसले आणि दुसऱ्या दिवशी मैदानावर पाण्याचा जार घेऊन हजर झाले.

खेळाचा सगळा भार एका आकड्यावर होता. ऑर्म सांगतो की मोठं गलबत चाळीस-पन्नास वल्ह्यांवर तासाला चार मैल जाई. म्हणजे मिनिटाला शंभर मीटरच्या थोडं वर, आणि आमच्या मैदानात मिनिटाला अर्धा मीटर. अर्ध्या मीटरच्या काठ्या कापल्या. दर मिनिटाला मी शिट्टी वाजवणार, एका शिट्टीला गलबत एक काठी पुढे. पूर्ण अंतर चालवलं असतं तर दोन तास लागले असते, म्हणून शेवटचे दोन किलोमीटर, म्हणजे मैदानातले दहा मीटर घेतले. इंग्रजांकडच्या मुलांना नियम दिला: जहाजं नांगरावर आहेत, नांगर उचलायला पंधरा शिट्ट्या, आणि वारा पडलेला. ऑक्टोबरात कोकण किनाऱ्यावर रात्री जमिनीवरून वारा सुटतो तो सकाळी मंदावतो, आणि समुद्रावरचा वारा जोर धरतो तो दुपारकडे. शिडाच्या मोठ्या जहाजाला त्या मधल्या वेळेत आपल्या जागेवरून हलणं अवघड.

पहिल्या शिट्ट्यांना मुलं कुरकुरली. “सर, हे त लयच धीरे चालते!” दहाव्या शिट्टीनंतर कुरकुर थांबली. गलबतं पाच मीटरवर आली होती आणि इंग्रजांचे नांगर अजून पाण्यातच होते. रिव्हेंज सांभाळणाऱ्या मुलीनं विचारलं, “नांगराचा दोर तोडला त?” मी म्हटलं, तोड. तिनं तोडला आणि लगेच तिच्या लक्षात आलं. “पण वारा नाही त थे जहाज हालन कसं?” जहाज सुटलं, पण जाणार कुठे? फ्रिगेटच्या तोफा दोन्ही कुशींना, आणि गलबतं येत होती नाळ पुढे करून, पुढून आणि मागून. त्या काळच्या तोफेचा नेमका मारा काही शे मीटरच्या आतलाच. पाचशे मीटर धरले तरी मैदानात ते अडीच मीटर, म्हणजे पाच शिट्ट्या. एक तोफ भरून पुन्हा डागायची तर त्या पाच मिनिटांत तिच्या किती फैरी होतील, हे मुलांनी बोटांवर मोजलं आणि समोरच्या गलबतांच्या रांगेकडे पाहिलं.

ऑर्मच्या वर्णनात हेच आहे. गलबतं इतक्या वेगानं आली की इंग्रजांना नांगर उचलायला जेमतेम वेळ मिळाला. अर्ध्या तासाच्या आत ‘डव्ह’ ही गुराब निशाण उतरवून मराठ्यांच्या हाती लागली. दुसरी गुराब दूर राहिली, पाच लहान तारवं पळाली. रिव्हेंज एकटी उरली. कप्तान केग्विन आणि मिंचिन यांनी ती लढवली, त्यांच्या तोफांनी पाच गलबतं बुडवली असं इंग्रज सांगतात, आणि मराठी आरमार माघारी खाडीकडे गेलं. रिव्हेंज पाठलाग करत उथळ पाण्यापर्यंत आली आणि थांबली.

साहजिकच प्रश्न आला: मग जिंकलं कोण? माझ्याकडे तयार उत्तर होतं, पण ते मी दिलं नाही. दुसऱ्या दिवशी नवा खेळ मांडला. इंग्रजांकडे आठ जहाजं. खांदेरीभोवती ती अशी ठेवा की रात्री एकही गलबत बेटाला लागणार नाही. उथळ ठिपक्यांत मोठी जहाजं न्यायची नाहीत. अंधारात जहाजावरून जितकं दिसेल तितकं, म्हणजे मैदानातला एक मीटर. मुलांनी जहाजं इकडे लावली, तिकडे लावली. समुद्राकडची बाजू बंद केली की किनाऱ्याकडची उघडी पडे. उंदेरीच्या आडून, ठिपक्यांच्या रेषेवरून एक गलबत सरकत आलं आणि खांदेरीला लागलं. त्यात हरभऱ्याचे दाणे होते. बेटावरच्या माणसांची रसद म्हणून आम्ही ते ठेवले होते.

तिथे उत्तर मुलांनीच दिलं. समोरासमोरच्या तोफांच्या लढाईत रिव्हेंज भारी होती. पण दौलतखानाला रिव्हेंज बुडवायची नव्हती, मायनाक भंडारीला दाणा, दारूगोळा आणि माणसं पोचवायची होती. ती पोचत राहिली. तट वाढत राहिला. नोव्हेंबरात जंजिऱ्याचा सिद्दी आपलं आरमार घेऊन आला, जानेवारी १६८० मध्ये त्यानं उंदेरी बळकावली, पुढे वर्षानुवर्षं या दोन बेटांमध्ये तोफा चालल्या. पण त्याच जानेवारीत इंग्रजांनी आपली जहाजं काढून घेतली आणि खांदेरी महाराजांकडे राहिली. एप्रिलमध्ये महाराज गेले. खांदेरी ही त्यांच्या हयातीतली अखेरची मोठी आरमारी मोहीम. आज भारतीय नौदलाच्या पाणबुडीला या बेटाचं नाव आहे, आणि २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत मराठ्यांचे जे बारा किल्ले गेले, त्यांत खांदेरी आहे.

या साऱ्या खटाटोपातून मला स्वतःला एक गोष्ट पक्की कळली. आपण आरमाराची थोरवी सांगताना मोठी जहाजं आणि मोठ्या तोफा शोधत बसतो. महाराजांचं बळ होतं वल्ह्यांत, उथळ पाण्याच्या माहितीत आणि वेळेच्या निवडीत. डोंगरात जो विचार नरनाळ्यासारख्या गडाचा माणूस करेल, तोच विचार त्यांनी पाण्यावर केला: शत्रूला जिथे येता येत नाही तिथून जायचं, आणि ज्या वेळी त्याचे पाय बांधलेले असतील त्या वेळी गाठायचं. हे पुस्तकात वाचून मला बरीच वर्षं माहीत होतं. मिनिटाला अर्धा मीटर अशा गतीनं डोळ्यांसमोर घडताना पाहिलं, तेव्हा ते समजलं.

ज्या शाळेला हे करावंसं वाटेल तिला खर्चाची भीती नको. सावरीचं लाकूड, कामट्या, मांजरपाट, फक्की, शिट्टी आणि मोकळं मैदान एवढ्यावर भागतं. प्रमाण आणि गती मात्र खरी ठेवावी, त्यात सवलत घेऊ नये. आमचा पुढचा बेत १७२१ च्या कुलाब्याचा आहे. तिथे इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून आंग्र्यांवर चालून आले होते, आणि जमिनीवरून बाजीराव आला. त्या मांडणीत घोडदळही लागणार, म्हणून या वेळी सातवी-आठवीचे दोन्ही वर्ग घ्यायचे ठरवलं आहे.