चौकहून दोन वाटा

जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर चौक गाव लागतं. १८५० च्या मे महिन्यात ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट इथं मुक्कामाला होता. गावच्या पाटलाला सोबत घेऊन तो उत्तरेचा डोंगर चढला, वरची हवा त्याला मानवली आणि माथेरान साहेबांचं झालं. ठाकर, धनगर, कातकरी त्या डोंगरात आधीपासून होतेच. पण त्यांना कोण विचारतो! १९०७ साली नेरळहून वर आगगाडीही गेली.

आम्ही मात्र इर्शाळगडाची वाट धरली. नानिवली मागे पडली की चढ सुरू होतो. खाली मोरबे धरणाचं पाणी चमकतं. ते नवी मुंबईला जातं. पायवाट एका माणसापुरती, पावसाळ्यात शेवाळलेली. ट्रेकर मंडळी गडाच्या नेढ्यात फोटो काढून इर्शाळवाडीत पिठलं-भाकरी खायची. रस्ता नसण्याचं शहरी माणसाला कोण अप्रूप!

१९ जुलै २०२३ च्या रात्री या ठाकरवाडीवर दरड कोसळली. बचावपथकं याच निसरड्या वाटेनं पायी आली. चढतानाच अग्निशमन दलाच्या एका अधिकाऱ्याचा हृदयविकारानं मृत्यू झाला. जेसीबी वर येईना, ढगांमुळे हेलिकॉप्टर उडेना. चिखल फावड्या-घमेल्यांनी उपसावा लागला. २७ मृतदेह सापडले, ५७ माणसं बेपत्ताच राहिली, आणि चार दिवसांनी शोध थांबवला.

याला निव्वळ निसर्गाचा कोप म्हणणं मला पटत नाही. १८७८ च्या वन कायद्यानं जंगलं राखीव झाली. या पट्ट्यातल्या ठाकर-कातकऱ्यांच्या वाट्याला उतारावरच्या दळी आल्या: नाचणी त्यांनी पिकवायची, मालकी सरकारची. सातबाऱ्यावर नाव नाही, तर सपाटीवर घर बांधायचं कुठं? इंग्रज गेले, वनखात्याची हद्द राहिली. २००६ च्या वनहक्क कायद्यानंतरही वाडी डोंगराच्या कुशीतच होती. दरडप्रवण ठिकाणांच्या सरकारी यादीतही तिचं नाव नव्हतं.

वाचलेल्यांना आधी कंटेनरमध्ये ठेवलं, मग सिडकोनं चौकजवळ घरं बांधली. म्हणजे खाली जागा होती.

२६ जुलै २००५ च्या पावसानं माथेरानच्या रेल्वेमार्गाची दाणादाण उडवली होती. २००७ मध्ये गाडी पुन्हा धावू लागली. इर्शाळवाडीला २०२३ पर्यंत साधा रस्ता नव्हता.