उत्प्रेरकाची गैरहजेरी

रसायनशास्त्रात सध्या नवीन काय चालले आहे ते सामान्य वाचकांस उमजेल अशा रीतीने लिहून द्यावे, असे संपादकमहाशयांनी कळविले, तेव्हा धातूंवाचून कार्य करणाऱ्या सेंद्रिय उत्प्रेरकांबद्दल २०२१ साली बेंजामिन लिस्ट व डेव्हिड मॅकमिलन यांना मिळालेल्या नोबेल पारितोषिकावर लिहावे असा माझा मानस होता. परंतु छत्रपती संभाजीनगरातल्या आमच्या प्रयोगशाळेत गतवर्षी घडलेली एक गोष्ट मनातून हटत नाही.

उत्प्रेरक अभिक्रियेत भाग न घेता तिचा वेग वाढवितो, ही व्याख्या आपल्या कित्येक पिढ्यांनी पाठ केली आणि परिसाच्या दृष्टान्ताने ती अधिकच दृढ झाली. ती चूक आहे, आणि अजून शिकविली जाते याचा मला मनस्वी खेद होतो. उत्प्रेरक भाग घेतो. किंबहुना सर्वांत अधिक तोच राबतो. सुझुकी अभिक्रियेत पॅलेडियमचा अणू कार्बन व ब्रोमीन यांच्यातील बंध तोडून स्वतः मध्ये शिरतो, बोरॉनकडून दुसरा कार्बन उचलतो, दोहोंची गाठ घालून देतो आणि मोकळा होऊन पुढच्या रेणूकडे वळतो. रक्तदाबावरील लोसार्टनच्या निर्मितीत ही अभिक्रिया उपयोगात आली; वाळूजहून निघणाऱ्या मोटारसायकलींच्या सायलेन्सरांतही असेच मौल्यवान धातू धूर शुद्ध करीत असतात. मात्र तोंडावाटे घ्यावयाच्या औषधातून दिवसाकाठी १०० मायक्रोग्रॅमहून अधिक पॅलेडियम पोटात जाऊ नये, असा आंतरराष्ट्रीय दंडक असल्यामुळे, या धातूवाचून भागेल काय, हा प्रश्न कारखानदारांसही जिव्हाळ्याचा आहे.

२००३ मध्ये लेडबीटर व मार्को यांनी धातुविरहित सुझुकी अभिक्रिया जाहीर केली. दोन वर्षांनी लेडबीटर यांनीच सहकाऱ्यांसह फेरतपासणी करून वापरलेल्या सोडियम कार्बोनेटमध्ये अब्जांशी सुमारे ५० भाग पॅलेडियम असल्याची कबुली दिली. हा प्रामाणिकपणा मला पारितोषिकांहून थोर वाटतो. तरीही २०२१ च्या जानेवारीत ‘नेचर कॅटॅलिसिस’मध्ये, केवळ एका अमाइनने हीच अभिक्रिया घडते, असा दावा झाला, ते अमाइन बनविताना वापरलेल्या पॅलेडियमचा अवशेषच खरा कर्ता होता हे इतरांनी दाखविले आणि वर्षअखेर तो निबंध मागे घेतला गेला. एखादा पदार्थ हजर आहे हे दाखविणे सोपे. तो गैरहजर आहे याची खातरजमा करणे महाकठीण, कारण आपले उपकरण जेथे थांबते तेथून खालीही धातू काम करू शकतो.

आमच्या विद्यार्थ्याची अभिक्रियाही अशीच धातूवाचून चालली. उत्पादन भरघोस आले, निबंधाचा मसुदाही झाला. मी त्याला मिश्रण ढवळणारी नवी मॅग्नेटिक नीडल घेऊन ती पुन्हा करावयास सांगितले, आणि फ्लास्कमध्ये काहीच घडले नाही. जुन्या नीडलीच्या टेफ्लॉनवरील चरांत पूर्वीच्या प्रयोगांचा धातू दडलेला असतो व नेहमीच्या धुण्याने तो सुटत नाही, हे मॉस्कोच्या अनानिकोव्ह यांच्या गटाने २०१९ सालीच दाखविले होते. ते वाचूनही मला ही शंका अखेरीस आली, पहिल्या दिवशी नव्हे. त्या मुलाचे आठ महिने मधल्या काळात खर्ची पडले.

या प्रयोगाचे प्रकरण त्याच्या प्रबंधातून गाळावे, असे मीच सुचविले. त्याने निमूटपणे गाळले. आज वाटते, दोन्ही नीडलींच्या नोंदींसह ते जसेच्या तसे प्रबंधात दाखल व्हावयास हवे होते.