नोटेची लांबी आणि रुंदी

ज्यास दृष्टी आहे त्याच्या लेखी नोट म्हणजे रंग, आकडा आणि महात्मा गांधींची प्रतिमा. तिला लांबी-रुंदीही असते हे त्याच्या ध्यानी येण्याचे काही कारण नसते. मला बालपणीच अंधत्व आले, आणि तेव्हापासून नोटेची लांबी-रुंदी हाच माझ्यापुरता तिचा आकडा झाला. अंधशाळेत ब्रेलच्या जोडीने आम्हांला पैशाचा व्यवहारही शिकवीत. नोट तर्जनी व मध्यमा यांच्या बेचक्यात धरावयाची, बोटाच्या लांबीवर सरळ ताणावयाची आणि बोटाच्या टोकापलीकडे ती किती उरते हे अंगठ्याने अजमावावयाचे. नोटा त्या काळच्या होत्या, पण ही रीत पुढे जन्मभर उपयोगी पडली.

१९९६ पासून महात्मा गांधी मालिकेच्या नोटा निघू लागल्या तेव्हा मी मुंबईतील एका सरकारी कचेरीत टेलिफोन ऑपरेटर होतो आणि दरमहाचा पगार रोखीने मिळत असे. त्या मालिकेची आखणी ज्यांनी केली त्यांच्याविषयी माझ्या मनात आजही कृतज्ञता आहे. दहाची नोट १३७ मिलिमीटर लांब, विसाची १४७. पन्नासाची लांबी विसाइतकीच, परंतु रुंदी ६३ च्या जागी ७३. आणि त्यापुढे शंभर, पाचशे, हजार अशी प्रत्येक पायरी नेमक्या दहा मिलिमीटरांनी वाढलेली. शिवाय दहाची नोट वगळता प्रत्येक नोटेवर, जलचिन्हाच्या डाव्या अंगास, एक उंचावलेली आकृती असे: विसावर उभा आयत, पन्नासावर चौरस, शंभरावर त्रिकोण, पाचशेवर वर्तुळ आणि हजारावर चौकटीच्या पानासारखी आकृती. कोरीव तबकडीतील शाई प्रचंड दाबाखाली कागदावर उठवून ही आकृती छापतात, त्यामुळे कोऱ्या नोटेवर ती बोटास तत्काळ जाणवते. मात्र नोट मासळीबाजारातून, घामेजलेल्या खिशांतून आणि कंडक्टरच्या चामडी पिशवीतून फिरून आली की तो उठाव झिजतो, आणि मग लांबी-रुंदीवाचून दुसरा आधार उरत नाही. शाई पुसली जाते, कागदाचे माप पुसले जात नाही, हे आम्हां अंधांना अनुभवाने पुरते ठाऊक आहे.

पगाराच्या दिवशी रोखपाल नोटा माझ्या हाती देई आणि मी त्याच्या मेजाशी उभा राहून त्या मोजून घेई. मागे रांग ताटकळत असली तरी मी घाई करीत नसे. आपल्या श्रमाचा मुशाहिरा आपल्याच हाताने मोजून घेणे हा ज्यांना नित्याचा शिरस्ता वाटतो, त्यांना त्यातील समाधान कसे सांगावे हे मला अद्याप उमगलेले नाही. घरी आल्यावर शंभराच्या नोटा उभ्या दुमडून, पाचशेच्या आडव्या दुमडून आणि दहा-वीस तशाच सरळ, अशा पाकिटाच्या निरनिराळ्या कप्प्यांत मी ठेवीत असे, की बाजारात उभे राहून मोजमाप करावयास नको.

८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे व हजाराच्या नोटा रद्द झाल्या. त्या बदलून घेण्यासाठी लागलेल्या रांगांचे वर्णन पुष्कळांनी केलेले आहे. आमच्या वाट्यास जे आले ते रांग संपल्यावर सुरू झाले. नव्या मालिकेत नोटा आखूड झाल्या. शंभराची १४२, दोनशेची १४६, पाचशेची १५० मिलिमीटर, आणि तिघींची रुंदी ६६. जेथे दहा मिलिमीटरांचे अंतर होते तेथे चार राहिले. त्यात जुन्या दहा, वीस, पन्नास, शंभराच्या नोटा चलनात कायम राहिल्या, आणि त्यातून जो घोटाळा झाला तो आखणी करणारांनी पूर्वी ताडून पाहावयास हवा होता. जुनी विसाची नोट १४७ बाय ६३, नवी दोनशेची १४६ बाय ६६. जुनी दहाची १३७ बाय ६३, नवी पन्नासाची १३५ बाय ६६. विसाच्या आणि दोनशेच्या नोटेत लांबीचा फरक एका मिलिमीटराचा! नव्या दोनशेवर उठावाचे चिन्ह आहे, दोन्ही कडांना चार तिरप्या रेघा व त्यांमध्ये दोन वर्तुळे आहेत, पाचशेवर पाच रेघा आहेत, हे मी नाकारीत नाही. परंतु नव्या दहा, वीस व पन्नासाच्या नोटांवर असे चिन्हच नाही, आणि शंभरावरील रेघाही महिना-दोन महिन्यांच्या वापराने बोटास लागेनाशा होतात.

माझा एक शाळासोबती लोकलच्या डब्यात किल्ल्यांच्या साखळ्या आणि पासाची प्लॅस्टिकची पाकिटे विकतो. गाडी हलते आहे, चहूंकडून गर्दीचा रेटा आहे, पुढचे स्थानक येण्यापूर्वी मोड परत द्यावयाची आहे, अशा स्थितीत चार मिलिमीटर मापावयाचे कोणी आणि कसे? त्याने दोनशेची नोट घेणेच सोडून दिले. गिऱ्हाईक गेले तरी चालेल, पण कोणाच्या भरवशावर मोड देणार नाही, असे तो मला म्हणाला. दिवसभराच्या मेहनतीवर त्याचे घर चालते, हे लक्षात घेता त्या शब्दांमागील क्लेश मला फार जाणवला.

नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड ही मुंबईची संस्था ह्या प्रश्नी जनहित याचिका घेऊन उच्च न्यायालयात गेली, आणि नोटांचे आकार व वैशिष्ट्ये वारंवार बदलण्याचे प्रयोजन काय, असे न्यायालयाने २०१९ साली रिझर्व्ह बँकेस विचारले. पुढे १ जानेवारी २०२० रोजी बँकेने ‘मनी’ नावाचे मोबाइल ॲप आणले; नोट कॅमेऱ्यासमोर धरली की इंटरनेटवाचूनही ते तिचे मूल्य उच्चारून सांगते. ते मी वापरतो, आणि घरी नोटा लावून ठेवताना त्याचा लाभ निश्चित होतो. तथापि नोट खरी की बनावट हे ते सांगत नाही, आणि भर बाजारात आपल्या हाती पाचशे रुपये आहेत अशी दवंडी पिटणे मला प्रशस्त वाटत नाही. डोळस मनुष्य जे मुकाट्याने पाहतो, ते आम्हांसही मुकाट्याने कळावे, एवढीच अपेक्षा आहे. हल्ली फोनवरूनच पैसे चुकते करा असे सुचविणारे स्नेही भेटतात. मीही ते करतो, परंतु मोबाइलची बॅटरी संपली म्हणून ज्याचा व्यवहार खोळंबतो त्यास अखेरीस खिशातील नोटच काढावी लागते.

पुढील मालिकेची आखणी केव्हा होईल ती होवो. ती होईल तेव्हा दहापासून पाचशेपर्यंत प्रत्येक नोट आपल्या खालच्या नोटेहून दहा मिलिमीटर लांब असावी, चलनातील जुन्या नोटांशी तिचे माप ताडून पाहिलेले असावे, लहान मूल्यांच्या नोटांवरही उठावाचे चिन्ह असावे, आणि मापे कायम करण्यापूर्वी नमुन्याच्या नोटा, कोऱ्या नव्हेत तर मुद्दाम चुरगाळून मळविलेल्या, अंध माणसांच्या हाती द्याव्यात. माझा तो सोबती अशा परीक्षेस एका दिवसाचा धंदा बुडवूनही येईल. मी त्यास विचारून ठेवले आहे.